माल नाही, तुटवडा नाही, मग आगाऊ पैसे कशाचे? मुंबई ग्राहक पंचायतीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व कार्यकर्ते,
मुंबई ग्राहक पंचायत, मुंबई.

विषय : डिजिटल व्हिडिओ गेमची प्री-ऑर्डर

स. न. वि. वि.

विषय वाचून हे पत्र चुकून आपल्याकडे आलं असं वाटेल. पंचायतीने डाळ-तांदळापासून फ्लॅटपर्यंत बरंच काही हाताळलं, पण व्हिडिओ गेम त्यात कुठे बसत नाहीत. 'पोरांचे खेळ' म्हणून कागद बाजूला सरकवला जाईल, हेही मी धरून चाललो आहे. तरी आपल्यालाच लिहितो, कारण माल हातात येण्याआधी मागणी नोंदवणं म्हणजे काय, ते या शहरात आपल्याइतकं कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

१९७५ पासून पंचायतीचं वाटप त्यावरच उभं आहे. आसपासच्या सभासद घरांचा एक संघ, त्यातल्या घरांनी महिन्याची मागणी आधी द्यायची, सगळ्यांची बेरीज करून माल एकत्र घ्यायचा आणि संघात आणून वाटायचा. साबण किती, तूरडाळ किती हे आधीच कळल्यामुळे जास्तीचा माल पडून राहत नाही, मधले हात कमी होतात आणि वाचलेला पैसा सभासदाच्याच घरी राहतो. यात आगाऊ मागणी नोंदवण्याचा त्रास जो घेतो, फायदा त्यालाच मिळतो. मी अशाच एका सभासद घरात वाढलो, म्हणून हा हिशेब मला कुणी वेगळा शिकवावा लागला नाही.

हाच हिशेब डिजिटल गेमला लावून पाहा.

मोठा नवा गेम सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम खेळायच्या मशीनवर साधारण पाच हजारांच्या घरात जातो. पीसीवर तीन हजार, कधी त्याहून जास्त. तो बाजारात यायच्या कित्येक महिने आधी ऑनलाइन दुकानात त्याचं पान उघडतं. तिथे एक झगमगीत ट्रेलर असतो, येण्याची तारीख असते आणि खाली प्री-ऑर्डरचं बटण असतं. बटण दाबून पैसे दिले की त्या दिवशी हातात काहीही पडत नाही. तारीख उजाडली की गेम डाउनलोड करून खेळायचा. डिस्क नाही, डबा नाही.

मग विकणाऱ्याचं यात वाचलं काय? डिजिटल प्रत संपत नाही. दहा हजार लोकांनी घेतली तरी दहा हजार एकाव्याला तीच मिळते, त्याच दिवशी, त्याच भावाला. गोदाम नाही, वाहतूक नाही, शिल्लक माल कुजण्याची भीती नाही. आगाऊ मागणी कळल्याने खर्च कमी होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि बहुतेक मोठ्या गेमच्या बाबतीत प्री-ऑर्डर करणाऱ्याला किमतीत सूटही मिळत नाही. पूर्ण भाव द्यायचा, तोही आधी. उलट थांबणाऱ्याला तोच गेम सहा-आठ महिन्यांत सवलतीत मिळतो, तोवर त्यातल्या चुकाही बऱ्याच दुरुस्त झालेल्या असतात. म्हणजे सगळ्यात महाग आणि सगळ्यात कच्ची प्रत मिळते ती सगळ्यात उत्साही गिऱ्हाइकाला.

सूट नाही म्हणून 'बोनस' असतो. आमच्या संघातल्या एका काकूंनी वाटपाच्या वेळी मला गाठलं. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? याने माझ्या कार्डावरून गेम घेतला. पैसे गेल्याचा मेसेज आलाय. पण गेम म्हणे दिवाळीनंतर येणार. मग आत्ता कापले कशाचे?" मुलगा बाजूलाच पिशव्या भरत होता. "आई, प्री-ऑर्डर आहे ती. जॅकेट मिळतं." काकू म्हणाल्या, "तुझ्याकडे दोन जॅकेटं आहेत." त्यावर त्याला सांगावं लागलं की जॅकेट गेममधल्या हिरोला मिळतं.

मी हसलो खरा, पण काकूंच्या प्रश्नाला नीट उत्तर मला देता आलं नाही, कारण गिऱ्हाइकाच्या बाजूने त्याला उत्तरच नाही. ते सगळं कंपनीच्या बाजूला आहे. गेम बनवायला पाच-सात वर्षं लागतात, अफाट पैसा लागतो. प्री-ऑर्डरचा आकडा मोठा दिसला की गुंतवणूकदार शांत होतात, जाहिरात कुठे चालते ते कळतं आणि मुख्य म्हणजे गेम कसा आहे हे जगाला कळण्याआधीच विक्री होऊन जाते. या शेवटच्या मुद्द्यासाठी मी पत्र लिहायला बसलो. प्री-ऑर्डर करणारा पैसे तर आगाऊ देतोच, पण माहिती घेऊन खरेदी करण्याचा हक्कही त्याच वेळी सोडून देतो. त्या बदल्यात त्याला काय मिळतं, तर जॅकेट.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधीच ८० लाखांहून अधिक प्री-ऑर्डर झाल्या होत्या आणि त्यांतला मोठा हिस्सा डिजिटल होता. कंपनीने गुंतवणूकदारांना कळवलं की गेमचा सगळा विकासखर्च आणि त्या वर्षीचा प्रसिद्धीचा खर्च प्री-ऑर्डरच्या उत्पन्नातूनच भरून निघाला आहे. लोक अजून पहिला तासही धड खेळले नव्हते आणि कंपनीचा खर्च वसूल झाला होता. आधी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना गेम दिला तो फक्त पीसीचा, आणि स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायची नाहीत या अटीवर. जुन्या कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या आधीच्या पिढीच्या मशीनवर, गेम कसा चालतो हे रिलीजच्या आधी त्यांना तपासता आलं नाही.

तिथे तो चालत नव्हता. अडखळायचा, बंद पडायचा, माणसांचे चेहरे धुरकट दिसायचे. १४ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली, आणि त्या माफीतली एक कबुली ग्राहक चळवळीतल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे : जुन्या कन्सोलवरचा गेम आम्ही आधी दाखवला नाही, त्यामुळे तुम्हाला विचारपूर्वक खरेदीचा निर्णय घेता आला नाही. आठवड्याभरातच सोनीने तो गेम आपल्या दुकानातून काढला आणि मागेल त्याला पूर्ण परतावा देऊ केला. गेम तिथे परत आला तो जून २०२१ मध्ये.

यात भारतीय गिऱ्हाइकाचा एक वेगळा धागा आहे, तो क्वचितच कुणी सांगतं. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे अधिकृतपणे आलं २ फेब्रुवारी २०२१ ला. म्हणजे डिसेंबरमध्ये ज्याने भारतात प्लेस्टेशनसाठी हा गेम आगाऊ घेतला, त्याच्या घरी, परदेशातून महागात मागवलेलं मशीन सोडलं तर, प्लेस्टेशन ४ च होतं. नेमकं जे दाखवलं गेलं नाही, तेच त्याने विकत घेतलं होतं.

हा गेम पुढे खरंच सुधारला. २०२३ मधल्या मोठ्या अपडेटनंतर तो मीही आवडीने खेळलो, आणि तेव्हा तो निम्म्या किमतीत मिळत होता.

एकच उदाहरण धरून आरोप करतोय असं वाटू नये म्हणून आणखी दोन-तीन सांगतो, थोडक्यात. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या गेमचे रिव्ह्यू छापण्यावर कंपनीची बंदी होती, ती उठली गेम अमेरिकेत विक्रीला आल्यावर काही तासांनी. चेहरेच गायब झालेल्या पात्रांची चित्रं तोवर जगभर फिरू लागली होती. जून २०१५ मध्ये 'बॅटमॅन : आर्खम नाइट'ची पीसीवरची विक्री रिलीजनंतर लगेचच थांबवावी लागली आणि तो ऑक्टोबरमध्ये परत आला. सोनीचा स्वतःचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला सुरू झाला आणि ६ सप्टेंबरला बंद पडला. 'कॉन्कॉर्ड' घेणाऱ्या सर्वांना पैसे परत मिळाले हे मान्य केलं पाहिजे. पण ते कंपनीने ठरवलं म्हणून मिळाले, आणि प्रत्येक वेळी कंपनी तसं ठरवेलच असं नाही.

बोनसच्या खेळाचा अतिरेक पाहायचा तर 'डेउस एक्स : मॅनकाइंड डिव्हायडेड'. २०१५ मध्ये त्याच्या प्रकाशकाने अशी योजना काढली की जितक्या जास्त प्री-ऑर्डर, तितकी बक्षिसांची पुढची पायरी उघडणार, आणि शेवटच्या पायरीला गेमच चार दिवस आधी मिळणार. खेळाडू इतके चिडले की महिन्या-दीड महिन्यात योजना गुंडाळावी लागली. ते चार दिवस मात्र आता दुसऱ्या दाराने आले आहेत. महागडी आवृत्ती घ्या आणि बाकीच्यांच्या तीन-पाच दिवस आधी खेळा, असं बरेच मोठे प्रकाशक सांगतात. गेम तयार असतो. कमी पैसे देणाऱ्याला तो मुद्दाम थांबवून ठेवलेला असतो.

आता दुसरी बाजू. प्री-ऑर्डर करणारे सगळे भोळे असतात असं मला म्हणायचं नाही. शंभर जीबीचा गेम रिलीजच्या आधीच उतरवून ठेवता येतो, त्याला प्री-लोड म्हणतात. ज्याच्या घरी नेट रडतखडत चालतं त्याला ही सोय खरोखर उपयोगाची आहे. चार मित्रांनी मिळून ऑनलाइन खेळायचा गेम असेल तर पहिल्या रात्रीची मजा आठव्या महिन्यात येत नाही, तेही खरं. एखाद्या मालिकेचे आधीचे सगळे भाग ज्याने खेळलेत, तो नववाही घेणारच. स्वतःच्या कमाईचे पैसे आहेत, परताव्याचे नियम माहीत आहेत, तर त्याला मी शहाणपण शिकवायला जाणार नाही. (तरी रिलीजच्या आदल्या दिवशी रिव्ह्यू पाहून बटण दाबलं तर त्याचं काय बिघडतं, हे मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही.)

डिस्कची गोष्टही निराळी होती. आपल्याकडे मोजक्याच डिस्क यायच्या, दुकानदाराकडे नाव नोंदवलं नाही तर हात हलवत परतायला लागायचं, आणि खेळून झाल्यावर ती अर्ध्या-पाऊण किमतीत विकता यायची. डिजिटल प्रत विकता येत नाही, कुणाला देताही येत नाही. मुळात ती मालकीची नसते, वापरण्याचा परवाना असतो. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला आहे की हे गिऱ्हाइकाला विकतानाच स्पष्ट सांगा.

लहान स्टुडिओंना आगाऊ पैशांचा आधार लागतो, असं एक म्हणणं असतं. लागतो. पण त्याला बऱ्या वाटा आहेत. अर्धवट गेम 'अर्ली ॲक्सेस' म्हणून उघडपणे विकतात, त्यात निदान पैसे दिल्या दिवशी खेळायला काहीतरी मिळतं. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत असाच विकला गेला आणि लोकांच्या सूचनांवर घडत गेला. आणि आपल्या पुण्याच्या सुपरगेमिंगने 'इंडस' या मोबाइल गेमसाठी नुसती नावनोंदणी ठेवली होती, एक पैसा न घेता. एक कोटीच्या वर नोंदी झाल्या. किती लोक उत्सुक आहेत एवढंच कळून हवं असेल तर ते फुकटातही कळतं.

मग आपल्याकडून मला काय हवं आहे?

बाहेरच्या ग्राहक संस्थांनी या विषयात हात घातलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने पीसी गेमचं स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हला परताव्याच्या प्रश्नावर कोर्टात खेचलं आणि २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. आमचं दुकान अमेरिकेत, तुमचा कायदा आम्हाला लागू नाही, हा बचाव तिथे चालला नाही. २०२० मध्ये तिथेच, परताव्याच्याच प्रश्नावर, सोनीच्या युरोपातल्या कंपनीला ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने आणि जर्मनीच्या ग्राहक संघटनेने तर नेमकी प्री-ऑर्डरच धरली : गेम अजून आलेलाच नाही, तर ऑर्डर रद्द का करता येऊ नये, असं त्यांनी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीला विचारलं. सांगायचं एवढंच की हे पोरखेळ नव्हेत, आपल्यासारख्याच संस्थांची रीतसर कामं आहेत.

आपल्या हातातला कायदाही कमकुवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणं हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल उत्पादनं नाव घेऊन धरली आहेत, आणि भारतात नेमाने विक्री करणाऱ्या परदेशी दुकानांनाही ते नियम लागू आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विरोधी, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार दिले आहेत, त्यांतला पहिलाच खोट्या घाईचा आहे. जी वस्तू कधी संपणारच नाही, ती 'आत्ताच घ्या, नाहीतर बोनस जाईल' म्हणून विकणं त्यात बसतं की नाही, यावर वकील वाद घालतील. घालू देत. तो वाद केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणासमोर व्हावा, एवढीच माझी इच्छा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

जाहिरातीचा मुद्दा सोपा नाही, हेही मांडून ठेवतो. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे २०१३ मध्ये 'एलियन्स : कलोनियल मरीन्स'च्या ट्रेलरबद्दल तक्रार गेली, तेव्हा ट्रेलरमधला गेम आणि विकलेला गेम जुळत नव्हते हे कंपनीला मान्य करावं लागलं. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय'च्या तक्रारी मात्र त्याच संस्थेने फेटाळल्या. त्या गेममधलं जग संगणक आपोआप रचतो, तेव्हा जाहिरातीतलं दृश्य प्रत्येकाला दिसेलच असं नाही पण दिसू शकतं, असं ठरलं. म्हणून मी आपल्याला ट्रेलरच्या मागे फार लागा असं म्हणणार नाही. तिथे वेळ जाईल आणि हाती थोडं लागेल.

पैशाच्या मागे लागा. डिजिटल प्री-ऑर्डरचे पैसे गेम रिलीज होईल त्या दिवशीच कापले जावेत, आणि तोवर ज्या बटणाने ऑर्डर दिली त्याच्याच शेजारच्या बटणाने ती रद्द करता यावी. रिलीजनंतर काही दिवस, थोडाच वेळ खेळलेला असेल तर, परतावा हक्काने मिळावा. नुसता डाउनलोड केला म्हणून तो हक्क जाऊ नये, कारण प्री-लोड करा असं दुकानच सांगत असतं. परत येणारी रक्कम दुकानाच्या वॉलेटमध्ये न अडकता जिथून आली तिथे जावी. आणि ज्या मशीनसाठी गेम विकताय, त्या मशीनवरचा गेम आधी कुणाला तपासायला दिला नसेल तर तसं त्या पानावर लिहावं. एवढं झालं तरी निम्मं काम झालं.

अजून न झालेल्या वस्तूचे पैसे घ्यायचे तर त्याला लगाम हवा, हे आपण घराच्या बाबतीत मान्य करून घेतलंच आहे. रेराचा कायदा यावा आणि तो टिकावा म्हणून पंचायत झगडली. आज बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि खरेदीदारांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पाच हजारांच्या गेमसाठी एवढा पसारा कुणी मागत नाही. पण शंभर टक्के रक्कम आधी आणि करार म्हणजे न वाचता 'मान्य' दाबलेला इंग्रजी मजकूर, ही स्थिती आपल्याला चालण्यासारखी नाही.

घाई यासाठी की 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'कडे कॉलेजची सगळी पिढी डोळे लावून बसली आहे. त्याची तारीख आधी २०२५ होती, मग २६ मे २०२६ झाली, मग १९ नोव्हेंबर २०२६. तारीख सरकवणं चुकीचं नाही, कच्चा गेम विकण्यापेक्षा ते बरंच. पण सरकणाऱ्या तारखेवर आगाऊ घेतलेले पैसे कुणाच्या खात्यात आणि किती दिवस राहतात, हे विचारायला हवं. अशा गेमची विक्री आपल्याकडे होते तेव्हा ते कार्ड बरेचदा आईचं किंवा बाबांचं असतं, आणि आई-बाबा पंचायतीचे सभासद असतात.

मोठ्या दुकानांची प्री-ऑर्डरची पानं आणि परताव्याच्या अटी जमवून त्यांचा मराठी सारांश करून द्यायला मी तयार आहे. प्राधिकरणाकडे निवेदन द्यायचं ठरलं तर ते काम माझ्याकडे द्या. संघप्रमुखांच्या बैठकीत दहा मिनिटं मिळाली तर पालकांच्या प्रश्नांनाही उत्तरं देईन.

कळावे,
आपला,
एका संघातला सभासद

ता. क. : ज्यांनी आधीच प्री-ऑर्डर केली आहे त्यांच्यासाठी. स्टीमवर रिलीजच्या आधी कधीही पैसे परत मागता येतात. रिलीजनंतर चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर मागता येतात, पण महागड्या आवृत्तीत आधी खेळलेले तासही त्या दोन तासांत धरतात. प्लेस्टेशनवर रिलीजच्या चौदा दिवसांहून आधी घेतला असेल तर रिलीजपर्यंतच मागता येतात. रिलीजला चौदा दिवसांहून कमी उरले असताना घेतला असेल तर पैसे दिल्यापासून चौदा दिवस, पण डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच. म्हणून शंका असेल तर ऑटो-डाउनलोड आजच बंद करा. काकूंच्या मुलाला हे मी सांगितलं. त्याने ऑर्डर रद्द केलेली नाही, पण ऑटो-डाउनलोड बंद केलं आहे.